परंड्याची थंडी आणि वीतभर करडू

आमच्या शाळेतले शिपाई मारुतीमामा निवृत्त होऊन परंड्याजवळ आपल्या वस्तीवर राहायला गेले, त्याला सहा वर्षं झाली. दर संक्रांतीला त्यांचा फोन यायचा, "बाई, एकदा येऊन जावा की, आमच्या शेळ्या तरी बघा." मी "येते हो" म्हणायचे आणि विसरायचे. यंदा मीही निवृत्त झाले. घरी बसून ह्यांच्याशी भांडायचा कंटाळा आला, तेव्हा जानेवारीत ह्यांनाच घेऊन निघाले.

पुण्याहून रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून एसटीने परंडा. स्वतःची गाडी असेल तर टेंभुर्णीला हायवे सोडायचा. पण एसटीच बरी, बायकांना अर्धं तिकीट. ह्यांना पूर्ण पडलं म्हणून हे परंडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मुक्काम स्टँडजवळ केला. लॉज साधा आहे, गरम पाणी मागून घ्यावं लागतं, आणि त्या थंडीत ते मागावंच.

सकाळी किल्ला बघितला. भुईकोट आहे, चढण नाही, गुडघेदुखीवाल्यांनी खुशाल जावं. एका तोफेवर सरडा ऊन खात पसरला होता. हात जवळ नेला तरी ढिम्म हलेना. शेजारच्या झुडपात मुठीत मावेल एवढं पाखरू मात्र क्षणभर स्वस्थ नव्हतं, सारखं काहीतरी टिपत होतं. मला राहवतंय होय! ह्यांना सांगायला लागले, "सरड्याला उन्हाची ऊब चालते, म्हणून त्याचं थोडक्यात भागतं. अंग गार पडलं की त्याचं पचनसुद्धा मंदावतं. पाखराला स्वतःची ऊब स्वतःच तयार करावी लागते. आणि जीव जितका लहान, तितकी ऊब भराभर निघून जाते, म्हणून सारखं खायचं."

"शाळा सुटली, बाई," हे म्हणाले.

दुपारी मामा टमटम घेऊन न्यायला आले. वस्तीवर मामांच्या पत्नी, गोदामामी, आमची वाट बघत होत्या. काळ्याभोर, तुकतुकीत शेळ्या, त्यातली एक पोट टेकवून बसलेली. मामी म्हणाल्या, "पैल्या खेपेला सगळी करडं गेली हिची. यंदा तरी जगू द्या देवा." रात्री हुलग्याची शेंगोळी आणि भाकरी. असली शेंगोळी मी जन्मात खाल्ली नव्हती, तीनदा वाढून घेतली.

पहाटे ती शेळी व्याली. तीन करडं. दोन लगेच धडपडत उभी राहून आचळाला लागली. तिसरं वीतभर, ओलं, मान टाकून पडलेलं. मामींनी ते बारदानानं खसाखसा पुसलं, माझ्या मांडीवर दिलं आणि वाळू तापवायला चुलीकडे गेल्या.

बघता बघता ते थरथरायचंही थांबलं. शेजारी मामींनी पिळून ठेवलेलं चिकाचं दूध होतं, बाटलीही होती. मला वाटलं, उपाशी आहे बिचारं. मी बाटली त्याच्या तोंडात घातली.

त्यानं गिळलं नाही. दूध नाकातून बाहेर आलं, आणि ते बारीक, कसंतरीच खोकलं.

"अवं बाई, काय केलंत हे!" मामी धावतच आल्या. करडू उलटं धरून त्यांनी पाठ चोळली, मग त्याच्या तोंडात बोट घातलं. "बघा, तोंड आतून बर्फावानी हाय. गार जिवाला दूध पचत न्हाय, गिळता बी येत न्हाय. छातीत गेलं म्हंजी संपलं. आधी ऊब, मग दूध."

मेले मी शरमेनं. आदल्याच दिवशी तोफेपाशी उभी राहून मी काय सांगत होते? तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांकडून घोकून घेतलं, आणि खरा गार जीव मांडीवर आला तेव्हा नेमकं उलटं केलं. मामींनी करडू पदरात घेऊन उघड्या पोटाशी धरलं आणि तापल्या वाळूची पिशवी पाठीला लावली. दर थोड्या वेळानं तोंडात बोट. मामा, हे आणि मी नुसते बघत बसलो. ऊन चांगलं वर आल्यावर मामी हळूच म्हणाल्या, "बोट चोखतंय." मग त्यांनी त्याला चार घोट पाजले.

पण खोकला होताच. दुपारी निघताना मी विचारलं, "मामी, जगेल ना?"

"आत्ता न्हाय सांगता यायचं, बाई. दोन-चार दिस जाऊ द्या." रागावल्या नव्हत्या त्या. उलट वाटेत खायला शेंगांची चटणी आणि भाकरी बांधून दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जायचं असेल तर थंडीतच जा. हुरडा मिळतो, किल्ला निवांत बघता येतो. स्वेटर मात्र दोन न्या. एवढं लिहून हा लेख मी तसाच ठेवला होता, कारण पुढचं मलाच माहीत नव्हतं. पुण्यात आल्यावर पाच दिवस माझी फोन करायची हिंमत होईना. जेवायला बसलं की तो खोकला आठवायचा. शेवटी ह्यांनीच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"व्हय, हाय की!" मामी म्हणाल्या. "खोकला गेला परवाच. थांबा, त्याच्याच तोंडाला लावते फोन. बोला."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. भरलेल्या वर्गापुढे कधी अडखळले नव्हते मी. कसंबसं म्हणाले, "चुकलं रे बाळा माझं."

ते खणखणीत ओरडलं. मग मामींचा आवाज आला, "‘काय बी झालं न्हाय’ म्हणतंय, बाई."