घरचं माणूस बाहेर असताना

घरी लेकरू येणार म्हटलं की लोक काय काय करतात. आम्ही काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं; नवऱ्याने आणि सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली. ओडिशातल्या एका संस्थेतून सहा वर्षांची मुलगी आम्हाला दत्तक मिळणार होती. कागदपत्रं झाली होती. आमच्या मूल गावाहून गोंदिया आणि तिथून पुढची तिकिटंही काढली होती. पण फ्रॉक घ्यायचा नाही, खेळणं आणायचं नाही, आणि मुख्य म्हणजे गावात अवाक्षर काढायचं नाही. पोस्टात सुट्टी मागताना मी सांगितलं की नागपूरला डोळे दाखवायला जायचंय.

कारण एकदा तोंड पोळलं होतं. त्याआधी जवळच्याच एका शहरातली तान्ही मुलगी आम्हाला मिळायची होती आणि मी आनंदाच्या भरात सगळ्या आळीला सांगत सुटले होते. बायका झबली-टोपडी घेऊन आल्या, सासूबाईंनी जुना पाळणा माळ्यावरून काढून रंगवून घेतला. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला, मुलीच्या नात्यातलं कोणीतरी तिला न्यायला तयार झालंय, तुम्ही येऊ नका. लेकराला आपलं माणूस मिळालं, चांगलंच झालं. मी तसं म्हणालेसुद्धा. पण पुढे कितीतरी दिवस जो भेटेल तो विचारायचा, ‘आली का वं पोरगी?’ झबली परत करायला गेले तर बायका घेईनात. ‘ठेव वं, लागन कधी,’ म्हणायच्या. त्या ‘कधी’चा मला एवढा राग यायचा की मी त्या गल्लीने जाणंच सोडलं.

म्हणून या वेळी तोंडाला कुलूप. आत मात्र जीव टांगणीला लागलेला. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. मुलगी आपल्याला बघून रडली तर? आली आणि इथं रमलीच नाही तर? नवरा राइस मिलमध्ये मशीनवर असतो; तिथून आला की फोनवर बघून उडिया शब्द पाठ करत बसायचा. एकदा चहाचा कप हातात धरून आनंदाने ओरडला, ‘अवं, भाताले थे लोकंबी भातच म्हनते!’ मी म्हटलं, ‘हळू बोला, भिंतीले कान हाये.’ सासूबाई मात्र निवांत झाल्या. त्यांची एवढीच एक शंका होती, पोरगी भात खाते की नाही.

दिवाळी होऊन गेली होती, लवकर पिकणारा हलका धान कापून घरी आला होता. आमच्याकडे नवा तांदूळ घरी आला म्हणून कोणी लगेच शिजवत नाही. आधी ‘नवं’ करतात. नव्या तांदळाची खीर-भात देवाला दाखवायचा आणि घरच्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचा, मग चूल नव्या तांदळाला मोकळी. एखादा मुलगा पुण्याला कंपनीत असेल तर त्याच्या सुट्टीसाठी नवं थांबतं. तोवर घर जुना तांदूळ खातं. माझं या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. सासूबाईंनी नवं अजून केलं नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

निघायला थोडेच दिवस उरले असताना एका सकाळी समोरच्या बाई सूप घेऊन आल्या. सुपात तांदूळ होता. ओसरीवर आमच्याच नव्या धानाची पोती एकावर एक लावलेली, त्यांना टेकूनच त्या बसल्या.

‘तुया सासूनं काल पायलीभर जुना तांदूळ मांगून नेला,’ त्या म्हणाल्या. ‘मले वाटलं, पुरणार नाई. म्हून आनखी आनला.’

मी पोत्यांकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सारा गाव नवा भात खाऊन ढेकर देत असताना धान घरात ठेवून शेजारी जुना तांदूळ मागायला जायचं! यापेक्षा दवंडी पिटली असती तर बरं. आमच्या घरात माणसं तीन, तिन्ही घरातच. मग नवं कोणासाठी थांबलंय, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

‘कोनी येनार हाये का वं?’ बाईंनी अगदी हलकेच विचारलं.

‘कोनी नाई येत,’ मी म्हटलं. ‘आईचे गुडघे दुखून राह्यले, म्हून नवं राहून गेलं.’

सूप रिकामं करून बाई गेल्या. मी तरातरा मागच्या अंगणात गेले. सासूबाई तिथं तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ‘आई, तुमाले सांगतलं होतं न, कोनाले समजू द्याचं नाई म्हून? जुना तांदूळ सरला तं दुकानातून आनता आला असता!’

त्यांनी शेंग सोलायची थांबवली नाही. ‘मी कोनापाशी एक शब्द नाई बोलली. पन घरचं मानूस बाहीर हाये, मंग मी नवं कसं खाऊ?’

‘अजून आली नाई थे. येते का नाई, तेबी मालूम नाई!’

‘म्हूनच तं बाहीर हाये म्हनलं,’ त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. रागाचं होतं की कशाचं, तेव्हा कळलं नाही. सासूबाई पुन्हा जीव लावून बसणार आणि त्यांना सावरायचं काम माझ्यावर येणार, एवढंच डोक्यात होतं. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

त्याच दुपारी संस्थेतल्या ताईंचा फोन आला. मी धरूनच चालले होते, आता सांगणार, येऊ नका. पण त्या हिंदीतून तिकिटांचं विचारत होत्या. ते झाल्यावर मी भीत भीत विचारलं, मुलगी खूश आहे ना? तिनं मैत्रिणींना सांगितलं असेल?

ताई म्हणाल्या, नाही. आधी एका जोडप्याचं तिला न्यायचं ठरलं होतं. तेव्हा तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. आपले रंग, रिबिनी, बाहुली, सगळं मैत्रिणींना वाटून टाकलं होतं. ती माणसं आलीच नाहीत. बाहुली तिनं परत मागितली नाही. जिला ती दिली होती ती मुलगी बाहुलीशी खेळायला लागली की ही उठून दुसरीकडे जाऊन बसायची. या वेळी ती कोणाला काही सांगू देत नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, मी कुठंच जात नाही.

फोन ठेवला. मी चुलीपुढे बसले. सहा वर्षांची पोर. माझ्यासारखंच तोंड मिटून बसली होती, फक्त तिच्याजवळ ओरडायला सासू नव्हती. मला वाटत होतं, हुरहुर काय ती एकट्या माझीच.

मी उठले, पदराने तोंड पुसलं आणि समोर गेले. बाईंच्या अंगणात चार बायका धान पाखडत होत्या. मला बघून सगळ्यांचे हात थांबले.

‘बाई, सकाळी मी खोटी बोलली,’ मी म्हटलं. ‘आमची पोरगी हाये. सहा वर्साची. दूर हाये, आमी तिले आनाले चाललो.’

बाई हळूच म्हणाल्या, ‘अन् मागच्यावानी झालं तं?’

‘झालं तं मले विचारजा,’ मी म्हटलं. ‘सगळ्याजनी विचारजा, आली का म्हून. पन कोनी तिची वाट पायत नोयतं, असं नाई व्हायले पायजे.’