रजिस्टर टपालाने पाठवलेली पत

नव्या कंपनीला पत असावी लागते, हे मला माहीत होते. ती मिळते कुठे, हे मात्र कंपनी कायद्याच्या एकाही कलमात लिहिलेले नाही. कायदे करणाऱ्यांना तेवढी सवड मिळाली नसावी.

मी न्यायालयातील कारकुनीतून निवृत्त झालो, त्याच सुमारास माझ्या मेहुण्याची गिरणी बंद पडली. तो तेथे फिटर होता. फंडाची सगळी रक्कम घालून त्याने एक जुना लेथ घेतला, मुलुंडला गाळा भाड्याने घेतला आणि विजेच्या स्विचमध्ये बसणारे पितळी भाग बनवणारी आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी जन्मास आली. लेथ त्याच्याकडे, पत्रव्यवहार माझ्याकडे, अशी वाटणी ठरली.

प्रथम मी बँकेत गेलो. व्यवस्थापकांनी कर्जासाठी मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. कंपनी तीन महिन्यांची आहे, हे मी त्यांना दोन पत्रांतून कळवले. जन्मापूर्वीचे प्रगतिपुस्तक सादर करण्याची रीत आपल्या बँकेत केव्हापासून आहे, असे तिसऱ्या पत्रात विचारले. उत्तर आले नाही. विद्वानांना प्रश्न कळण्यास वेळ लागतो.

तेव्हा बाजारातच पत उभारायची, असे मी ठरवले. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याने मेहुण्याच्या ओळखीवर पितळेच्या थोड्या सळ्या पंधरा दिवसांच्या उधारीने दिल्या. मी आठव्याच दिवशी चेक रवाना केला. अर्थात रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह. सोबत दोन पानी पत्र जोडले, म्हणजे आमच्या वक्तशीरपणाचा पुरावा त्याच्या दप्तरी राहील. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आले. दुसऱ्या रजिस्टर पत्राने मी नकाराचे लेखी कारण मागितले. तेही परत आले. दोन्ही पाकिटे मी सीलबंद अवस्थेत फायलीत ठेवली. असा निर्दोष पुरावा माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नव्हता.

त्याच आठवड्यात अंधेरीच्या एका कारखान्याची मोठी ऑर्डर आली. दीड महिन्यात माल द्या, अन्यथा ऑर्डर रद्द. पैसे माल पोचल्यावर. सळ्या उधार मिळाल्या तरच लेथ फिरणार होता; नाहीतर मेहुण्याचा फंड भंगाराच्या भावाने जाणार होता. तो घाटकोपरला गेला आणि तासाभरात परतला.

“भावोजी, शेठ माल द्यायला नाय म्हणतो. बोलतो, पैसे द्यायचे नाय आणि वर नोटिसा पाठवता.”

“आपण पैसे देऊ केले, त्याने ते नाकारले,” मी म्हणालो. “कायद्याने आपल्यावर ठपका नाही.”

“मग कायद्याकडनं सळ्या आणा! तिथला प्रत्येक दुकानदार मला बघून शटरला हात लावतो.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटे घेऊन मी स्वतः त्याच्यासह दुकानात हजर झालो. शेठने पाकिटांकडे साप पाहावा तसे पाहिले.

“काका, रजिस्टर आमच्याकडे दोघंच पाठवतात. वकील आणि सेल्स टॅक्स. पोस्टमनला सांगून ठेवलंय, शेठ घेत नाही.”

“न वाचताच?”

“वाचलं की फसलो ना!”

मी कायद्याची स्थिती समजावून सांगू लागलो, तोच मेहुण्याने पहिले पाकीट माझ्या हातून ओढले आणि फाडले. माझा सीलबंद पुरावा! आतून चेक निघाला. शेठने तो उलटसुलट पाहिला, तारीख वाचली, मग पत्र उचलले.

“पैसे द्यायला दोन पानं? उधार मागायला किती लिहाल?”

दुकानातील हमालसुद्धा हसला. मेहुणा सर्वांत मोठ्याने हसला, याची मी नोंद घेतली.

शेठने तेथूनच शेजारच्या दोन दुकानदारांना ओरडून सांगितले, “अरे, पार्टी चांगली आहे, फक्त लिहिते फार!” तीन महिन्यांच्या माझ्या पत्रव्यवहाराने जे साधले नाही, ते या एका असभ्य आरोळीने झाले. सळ्या दोन महिन्यांच्या उधारीने मिळाल्या. लेथ फिरला, माल मुदतीच्या दोन दिवस आधी अंधेरीला पोचला आणि फंड वाचला.

उधारीला शेठने एकच अट घातली: चेक मी स्वतः आणून द्यायचा आणि सोबत कागद नको. ही अट मनमानी व अपमानास्पद असल्याचे मी तेथेच तोंडी नोंदवले. ती मी वर्षानुवर्षे पाळली. दर महिन्याला मी चेक देत असे आणि लेखी पोच मागत असे. शेठ “हो हो” म्हणून चहा मागवत असे; मी पुन्हा मागितली की दुसरा कप मागवत असे. चहा ही ग्राह्य पोच आहे काय, याविषयी कायदा मौन बाळगून आहे. मी दोन्ही कप पीत असे.