दाराकडे नजर

कडक काळ्या कॉफीचा वास आला की आखातातल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीतली पत्र्याची केबिन आठवते. नाशिकला वडील आयसीयूत होते आणि माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. किल्ली कागदपत्रं बघणाऱ्या मंदूबकडे, आणि तो रविवारशिवाय उगवणार नव्हता. सोबतच्या म्हाताऱ्या इटालियन इंजिनियरने कॉफी पुढे केली. “आस्पेत्ता,” म्हणाला, म्हणजे थांब. मी उखडलो, “अजून किती थांबू?” तो हळूच म्हणाला, “आमचं हे क्रियापद लॅटिनमधून आलंय. मुळात अर्थ, बाहेर नजर लावून बसणं. पोटातल्या बाळासाठीही आम्ही हेच वापरतो.” खिडकीबाहेर फक्त धूळ होती आणि बंद फाटक. सोमवारी घरी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. आई एवढंच म्हणाली, “नजर दाराकडेच होती रे त्यांची.” आजही कुणाला ‘थांब’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.