मागच्या काचेवरचे साहेब

“संडास ईशान्येला आलाय,” व्हाइस चेअरमन म्हणाले आणि माझं ड्रॉइंग त्यांनी टेबलावर पालथं घातलं.

“साहेब, ही गाडी आहे. वळली की ईशान्य बदलते.”

“तरी पन.”

या ‘तरी पन’ला इंजिनिअरिंगमध्ये उत्तर नाही.

बीडला माझं गाड्यांच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. बॉडी बिल्डर म्हटलं की लोक माझ्या दंडांकडे बघतात आणि निराश होतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. कंपनी इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा देते, त्याला चासी म्हणतात. त्यावर पत्रा, खिडक्या, सीटा, कपाटं जे काही चढतं ते आमचं काम. दुष्काळाच्या एका वर्षी सहकारी दूध संघानं माझ्याकडे जनावरांचा फिरता दवाखाना बनवायला दिला. गावोगाव चारा छावण्या पडल्या होत्या. डॉक्टरनं गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं आणि या छावणीवरून त्या छावणीवर जायचं. म्हणजे दवाखाना कमी आणि चाकांवरचं घर जास्त.

घरही एवढंसं. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यायचं. त्यात लसींचा फ्रिज, औषधांचं कपाट, बेड, शेगडी आणि संडास-बाथरूम बसवायचं. शिवाय चेअरमन साहेब पाहणीला आले की त्यांना टेकायला सोफा. तोही अगदी मागच्या बाजूला, आडवा आणि उंच पाठीचा.

“मागची काच झाकली जाईल, साहेब.”

“मागं काय बघायचंय? गाडी फुडं जाती,” चेअरमन म्हणाले.

सगळे संचालक हसले. मी हसलो नाही, त्याचीही नोंद झाली असावी.

आता हे जरा समजून घ्या. बाहेरचे दोन आरसे गाडीच्या दोन्ही बाजू दाखवतात. गाडीच्या बरोबर पाठीशी जे असतं ते त्यांत येत नाही, त्याला आम्ही ब्लाइंड स्पॉट म्हणतो. ते दिसायचं तर आतला आरसा, मधली मोकळी वाट आणि मागची काच एका रेषेत पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर हे एक वेळ चालून जातं. छावणीत गाडीमागे कधी वासरू असतं, तर कधी कडब्याच्या सावलीला झोपलेलं पोर. कॅमेरा लावा म्हणाल, तर परळीच्या रस्त्यानं वीज केंद्रातल्या राखेच्या गाड्या पळतात. दुपारपर्यंत कॅमेऱ्याला मोतीबिंदू होतो.

संघानं नेमलेल्या डॉक्टर सरवदे मॅडमनाही संडास मागेच हवा होता, मध्ये भिंत घालून. मी त्यांना पुन्हा आरशाचं पुराण लावणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “गेल्या छावणीत मी दिवसभर पाणी प्यायचं टाळायचे. जायला आडोसाच नव्हता. मला आतून कडी लागणारं दार द्या, मग ते कुठेही बसवा.”

मी ड्रॉइंगवर आधी ती कडी लिहून घेतली. वाईटही वाटलं. अख्ख्या मीटिंगमध्ये गरजेची म्हणावी अशी मागणी तेवढी एकच होती.

शेवटी मी संडास ड्रायव्हरच्या सीटमागे उजव्या भिंतीला घेतला. सोफा आडव्याचा उभा करून डाव्या भिंतीला लावला. दिवसा तो साहेबांचा सोफा, पाठ पाडली की मॅडमचा बेड. मधली वाट सरळ मोकळी आणि मागच्या दाराला कमरेपर्यंत उतरलेली मोठी काच. मला स्वतःलाच तो लेआउट फार आवडला होता. त्यावर ही ईशान्य निघाली.

तोडगा रफिकभाईंनी काढला. हे संघाचे जुने ड्रायव्हर. ते म्हणाले, “पश्चिम मला रोज पाचदा लागती. तिच्यावरून ईशान्य काढतो आन् संडास तिकडं येनार न्हाई अशी गाडी उभी करतो. झालं?” व्हाइस चेअरमनना हे पटलं आणि माझा लेआउट वाचला.

असं मला वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी नारळ फोडायच्या जागेवरून सहज मागे गेलो, तर मागची काचच दिसेना. चेअरमन साहेब दिसत होते. हात जोडलेले, पांढरे कपडे, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी कपाळावर हात मारला. आतून आरपार दिसेल असं भोकाभोकांचं स्टिकर बाजारात मिळतं. ते का आणलं नाही म्हणून विचारलं, तर एक संचालक म्हणाले, “त्याच्यात साहेबांचा कलर फिका येतो.”

चेअरमन साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, “साहेब, काच मोकळी करा. ड्रायव्हरला मागचं काही दिसणार नाही.”

“कार्यक्रम तर होऊ द्या. मग काढू.”

कार्यक्रम झाला, पेढे झाले. स्टिकर राहिलं.

पुढे एके दिवशी साहेबांचा फोन आला. “तुमच्या गाडीनं आमची टाकी फोडली.”

“गाडी तुमची आहे, साहेब.”

“बनवली कुनी?”

चडफडत सिरसाळ्याच्या अलीकडच्या छावणीवर गेलो. झालं होतं ते असं. व्हाइस चेअरमन पाहणीला आले आणि गाडी बघून म्हणाले, “संडास ईशान्येला. तोंड फिरवा.” रफिकभाईंनी गाडी मागे घेतली. मागे काळी प्लास्टिकची मोठी टाकी होती. टँकर नुकताच तिच्यात ओतून गेला होता. टाकी बुडाशी उभी फाटली. पाण्याचा वास लागला तशी जनावरं दावी तोडून आली. माणसांनी कासरे धरेपर्यंत पाणी जमिनीत गेलं होतं. मी पोचलो तेव्हाही एक म्हैस तो चिखल चाटत होती. पुढचा टँकर उद्याशिवाय येणार नव्हता. म्हशीच्या मालकानं मला विचारलं, “ह्या गाडीत मागं बघायला कायच न्हाई व्हय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छावणीच्या मंडपात चेअरमन साहेब आणि संचालक जमले होते, त्यांचं आधीच ठरलं होतं. ड्रायव्हर काढायचा. रफिकभाई खाली मान घालून उभे होते.

मॅडम तडकल्या. “त्यांना काढणार असाल तर या गाडीत मीही बसणार नाही.”

“मॅडम, चूक कुनाची हाय मग?” चेअरमन म्हणाले.

मला आता राहवेना. “साहेब, जरा ड्रायव्हरच्या सीटवर बसता का?”

ते कुरकुरत बसले.

“आतल्या आरशात बघा. काय दिसतंय?”

“काय न्हाई. पांढरं हाय सगळं.”

“ते तुम्हीच आहात. आतल्या बाजूनं.”

कोणी हसलं नाही. साहेबांनी आरसा थोडा हलवला, पुन्हा बघितलं आणि खिडकीतून रफिकभाईंवर ओरडले, “आरं, मग काढलं कावून न्हाई तू? इतके दिवस आंधळ्यावानी गाडी चालवतो व्हय?”

रफिकभाईंनी मान वर केली. “साहेब, तुमचं तोंड कोन खरडनार? नोकरी हाय.”

मंडपातले संचालक एकदम टाकीकडे बघायला लागले. साहेब सीटवरून उतरले. धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, “काढा.”

तरीही कोणी पुढे होईना. शेवटी मॅडमनी ऑपरेशनचं ब्लेड आणलं आणि काचेच्या वरच्या कोपऱ्याला लावलं. तिथे साहेबांचं कपाळ होतं.

“मॅडम,” चेअरमन साहेब हळूच म्हणाले, “खालून सुरू करा.”

मॅडमनी खालून सुरू केलं. जोडलेले हात निघाले, तेवढ्या जागेतून पलीकडचं दिसायला लागलं. रफिकभाईंची नोकरी राहिली. म्हशीला पाणी मात्र दुसऱ्या दिवशीच मिळालं.

अलीकडे गाडी ताब्यात देताना मी मालकाला आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगतो. बहुतेक मालक म्हणतात, त्यासाठी आपण ड्रायव्हर ठेवलाय.