लिंबोणीचं पाणी

नर्सरीतून परतताना अर्धी वाट सरली तरी थोरली जाऊ एक शब्द बोलली नव्हती. एरवी तिच्याबरोबर चालायचं म्हणजे कानांना उसंत नाही. आज मात्र ती नाकासमोर बघत तरातरा चालली होती आणि धाकटी हातातली पिशवी सांभाळत, ऊन चुकवत, भिंतीच्या कडेकडेने तिच्या मागे. पिशवीत लिंबोणीची पिवळी पडलेली फांदी होती. नर्सरीवाल्याला दाखवायला नेलेली. ती परत का आणली, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"वहिनी, जरा टेकू या का? पाय भाजून निघाले माझे."

"निघतीलच. ती काय चप्पल आहे? पायाला कागद बांधल्यासारखी."

धाकटीला बरं वाटलं. टोमणा आला, म्हणजे माणूस ठिकाणावर आलं.

एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी सावलीला बसल्या.

"काय म्हणाला तो?" थोरलीने विचारलं. "झाडाला पाण्याचा मार बसलाय? पाण्याने कधी कुणी मरतं?"

"जास्त झालं की मुळं कुजतात, म्हणाला."

"ते ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे."

थोरलीला हे किती लागलं असेल, ते धाकटीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

थोरलीचा पिंडच मुळी भरवण्याचा. उभा जन्म तिने घरात पाळणाघर चालवलं. "आज पोट बिघडलंय, थोडंच द्या हं," असं आई सांगून जायची, थोरली "हो हो" म्हणायची आणि पोर तोंड उघडतंय तोवर घास देत राहायची. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वाढणारी बाई. तिच्याकडे जेवायला जायचं तर सकाळपासून उपाशी राहावं लागतं, असं नातेवाईक म्हणायचे, आणि तिला ती स्तुतीच वाटायची.

अशा बाईच्या वाट्याला नवऱ्याचं ते दुखणं आलं. मूत्रपिंडं थकली होती. दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलं, भांड्यावर खूण करून. दिवस उन्हाळ्याचे. ते पाणी मागायचे. आधी थट्टेत, मग रागाने, शेवटी शेवटी नुसतं पेल्याकडे बघत. थोरलीने एक घोट जास्त दिला नाही. ते गेल्यावर सगळे म्हणाले, किती नेटाने केलंस.

मागच्या दाराशी त्यांनी लावलेली लिंबोणी होती. पुढचा उन्हाळा लागला तशी थोरलीने झारी हातात घेतली. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. तांदूळ धुतले, ते पाणी लिंबोणीला. भाजी धुतली, ते लिंबोणीला. आणि घालायचं तेही थेट बुंध्यात, तोंडात घास द्यावा तसं. पानं पिवळी पडू लागली, तेव्हा ती म्हणाली, "तहानलंय गं," आणि झारीच्या जागी बादली आली. कुंपणाजवळच्या डाळिंबाकडे नि पेरूकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ती दोन्ही झाडं मजेत होती.

ऊन उतरल्यावर दोघींनी नर्सरीवाल्याने सांगितलं तसं केलं. खुरप्याने बुंध्याभोवतीची माती दूर ओढली. खालची साल ओली होऊन सुटली होती, तिच्यातून डिंक गळत होता. थोरलीने बोट लावून वास घेतला.

"कुजलंय," ती म्हणाली.

धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. सडकी साल खरवडून तिथे औषधाचा लेप लावला. वाळलेल्या पाल्याचा थर दिला, तोही बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या टोकांखाली. माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत थेंबभरही पाणी नको, मग दिलं तरी त्या टोकांखाली गोल आळ्यात, असं त्याने बजावलं होतं. "जगेलच असं म्हणत नाही," तो म्हणाला होता, "पण असंच पाणी घालत राहिलात, तर जाईल."

अंधार पडता पडता दोरीवरचे कपडे काढायला धाकटी अंगणात आली, तर थोरली भरली झारी घेऊन लिंबोणीपाशी उभी.

"वहिनी."

"काही करत नाहीये. उभी राहायचीही चोरी आहे का?"

धाकटी शेजारी जाऊन उभी राहिली. मोठ्या जावेच्या हातातून वस्तू हिसकावून घेणं तिच्याच्याने झालं नसतं. बऱ्याच वेळाने थोरली वळली, कुंपणाकडे गेली आणि सगळी झारी तिने डाळिंबावर रिती केली.

"पी बाबा, तू तरी," असं काहीसं ती पुटपुटली. मग पायरीवर येऊन बसली. धाकटीही दोरीवरचे कपडे ओढून घेऊन तिच्या शेजारी टेकली.

"नर्सरीवाल्याचं खरं असेल," ती म्हणाली. "पण समोर सुकत चाललेलं बघायचं, हातात पाणी असायचं आणि द्यायचं नाही. हे मी एकदा केलंय. मला परत जमायचं नाही."

"मग झाडाचं मी बघते. तुम्ही मागच्या दारी येऊच नका."

"येणार गं. मला माहितीये मी कशी आहे. येणार आणि तुला विचारणार, पाणी घातलंस का?"

"मी सांगेन, नाही घातलं."

"तिथेच चुकतेस. तू नाही म्हणालीस की मी झारी उचलणार."

धाकटीने मांडीवरच्या कपड्यांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तू कधी खोटं बोलली नाहीस," थोरली म्हणाली, "म्हणून तुलाच सांगते. मी विचारलं की म्हणायचं, हो, घातलं. खोटं आहे ते मला कळेलच. पण तुझ्या तोंडून ऐकलं की माझा हात आवरेल. एवढा उन्हाळा तेवढं म्हणत जा."