परदेशी पोरांना दिलेलं उत्तर
नारळ सोलला की काथ्याच्या वासानं लालबागच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवते. कॉलेजातली नात लॅपटॉपवरून परदेशी पोरांबरोबर संशोधन करत होती, घरातला कचरा कमी कसा करावा यावर. पडद्यावरच्या पोरीचा प्रश्न तिनं मला मराठीत सांगितला, "आबा, भांडी कशानं घासता?" आम्ही काथ्यानंच घासतो, पण चौथी शिकलेला असलो तरी परक्यांपुढे गरिबी दाखवणारा मी नव्हे. ठणकावून सांगितलं, "प्लास्टिकची घासणी, दर आठवड्याला नवी." नातीचा चेहरा पडला. "आबा, काथ्या म्हणायचं ना. माझा सगळा अभ्यासच त्यावर आहे." "मग सांग काथ्या." "आता कसं सांगू? प्लास्टिक तेवढं त्यांना कळलं." पाहुणे आले की आम्ही जे मोरीत लपवायचो, तेच तिला मिरवायचं होतं. मी घराची लाज राखली की घालवली, हे मला अजून उमगलेलं नाही.