चिंचेने घासलेला सेंट

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढचं ताम्हन पाहिलं. सात-आठ नाणी लखलखत होती आणि त्यातलं एक माझं नव्हतं.

ते होतं इथं कतारमध्येच, दुखानला राहणाऱ्या माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याचं. एकोणीसशे पंचावन्न सालचा तांब्याचा सेंट. टांकसाळीत त्याचा ठसा बनवताना तो दोनदा दाबला गेला, दुसऱ्यांदा जरासा सरकला, म्हणून त्यावर साल आणि अक्षरं जोडीनं दिसतात. असल्या चुकलेल्या ठशांची जुनी अमेरिकन नाणी जमवायचा नाद मला त्यांनीच लावला. माझ्याकडची सगळी फुटकळ. भिंगाखाली डोळे फोडावेत तेव्हा कुठे एखादा अंक दुहेरी दिसणार. त्यांच्या सेंटवरचं मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसे. त्यांच्या वडिलांना तो सिगारेटच्या पाकिटाबरोबर सुट्ट्या पैशांत मिळाला होता आणि त्यांनी तो वर्षानुवर्षं खिशात बाळगला होता. फोटो काढायला म्हणून चार दिवस माझ्याकडे होता. आज परत द्यायचा होता, कारण नोकरी संपवून ते संध्याकाळच्या विमानानं कायमचे निघाले होते.

घरात जपून ठेवायची वस्तू कुठे ठेवायची? देवापुढे. मीही तो एका डबीत घालून तिथेच ठेवला, आणि घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. शहाणाच मी! नाशिकहून महिनाभरासाठी आलेल्या आईनं पूजेसाठी देवाची भांडी काढली, डबीतलं नाणं काळं दिसलं, तेव्हा तेही चिंच-मिठानं घासून टाकलं.

नाणं धुवायचं नाही, हा या छंदातला पहिला धडा. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग एकदा गेला की गेला. मग जाणकार त्या नाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"आई, अगं हे काय करून ठेवलंस?" मी ओरडलोच.

"काळंकुट्ट होतं. पूजेला असली लक्ष्मी ठेवायची का?"

"दुसऱ्याचं होतं ते. खराब झालं आता."

"घासून कधी खराब होतं का काही?" म्हणाली खरी, पण तिचा आवाज पडला होता. थोड्या वेळानं ती चांगली साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन दारात उभी राहिली. "मी घासलंय, मीच सांगते त्यांना. चल."

वर्ल्ड कपसाठी तेव्हा सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. आमच्या अल हिलाल भागातून बाहेर पडतानाच तीनदा रस्ता बदलावा लागला. हातात स्टिअरिंग आणि डोक्यात नुसत्या थापा. डबी हरवली म्हणावं का? आईवर ढकलावं का? तेही सुचलं, खोटं कशाला बोलू. शेजारी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दुखानपर्यंत मला तिच्यावर ओरडल्याची लाज वाटत राहिली.

त्यांच्या घरात नुसती खोकी होती. मी झालं ते सांगितलं आणि डबी दिली. नाणं घेऊन ते खिडकीशी गेले. भिंग खिशातच होतं, पण ते काढलं नाही. अंगठ्यानं नाणं एकदा चोळलं आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "माझ्या वडिलांच्या हातांचा रंग होता हा."



"काय म्हणाले रे?" आईनं विचारलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"छान झालंय म्हणाले."

तिचा जीव भांड्यात पडला. "बघ, उगाच सकाळपासून डाफरत होतास माझ्यावर. त्यांना म्हणावं, अजून असली काळी नाणी असतील तर काढा. निघायच्या आत घासून देते."

ते वळून आमच्याकडे बघत होते. "आई काय म्हणतायत?"

"माफी मागतायत," मी म्हटलं.

ते पुढे आले आणि आईसमोर त्यांनी हात जोडले. "त्यांना सांग, त्यांची काही चूक नाही," ते म्हणाले. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आम्ही निघेपर्यंत पाहिलं नाही.